नदीकाठची तेवीस झाडं

रेवा आणि मिहिर,

नाताळच्या सुट्टीतला तुमचा फोटो मी मोठा करून आणला आणि जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. नदीच्या काठाने द्राक्षांच्या मळ्यांतून जाणारी वाट, वाटेच्या तोंडाशी लाकडी पाटी, पाटीवर काठी घेतलेल्या माणसाचं चित्र. खाली काय लिहिलंय ते रेवाने कळवलं आहे: सोपी वाट, सपाट, कुणालाही जमेल. मिहिर त्या पाटीला टेकून असा उभा आहे, जणू डोंगर चढून आलाय. वेली हिवाळ्याच्या, नुसत्या काटक्या. तिथल्या मळेवाल्याने तुम्हाला सांगितलं, की आम्ही वेलींना वरून पाणी घालत नाही, भर उन्हाळ्यातही नाही. मुळं खोल गेली पाहिजेत, तरच द्राक्षाला गोडी येते. आणि मग रेवाने दोनच शब्द लिहिले आहेत, "बिचाऱ्या वेली."

त्या दोन शब्दांपाशी मी गेले पाच दिवस अडकले आहे. कारण इथे पौष चालू आहे, आपला संत्र्यांचा बगीचाही आत्ता कोरडाच उभा आहे, आणि नदीकाठची सोपी, सपाट वाट माझ्याकडेही आहे. तिला पाटी नाही, म्हणून तुम्हाला ती माहीत नाही. तुम्ही येता ते मे महिन्यात, तेव्हा त्या वाटेवर फक्त ऊन असतं. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, पण या वाटेवर मी कधी इंग्रजीतून विचार केलेला नाही. म्हणून हे मराठीत. अडेल तिथे बाबा वाचून दाखवेल.

मागच्या दाराने निघायचं. विहीर डाव्या हाताला ठेवायची आणि बांधावरून सरळ नदीकडे. नदी म्हणजे आपली पूर्णा. इथे ती सातपुड्यातून नुकतीच उतरलेली असते, अंगाने बारीक, गोट्यांवरून बोलत जाणारी. सकाळी सातला तिच्यावर धुकं असतं, ते पाण्यातून वर येतं की वरून पाण्यावर उतरतं हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. उत्तरेला डोंगरांची निळी रेघ. पलीकडच्या काठावर कुणीतरी तुरीच्या काड्या पेटवून शेकत असतं, त्याचा धूर पाण्याला समांतर, आडवाच पसरतो. उजवीकडे नदी, डावीकडे संत्र्यांची रांग, मध्ये दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतील एवढी वाट. रांग संपते तिथे जुना दगडी बंधारा. बंधाऱ्यावर पाच मिनिटं बसायचं आणि परत. माझ्या पावलांनी पाऊण तास.

पूर्वी त्या रांगेत तेवीस झाडं होती. मी मोजली आहेत. मी सगळंच मोजते, हे तुमचा बाबा सांगेलच.

ही नदी पुढे चांदूर बाजाराकडून खाली खाली जात अकोल्याच्या बाजूला पोचते, तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा लागतो. माझं माहेर तिथलं. मी तिच्या खालच्या अंगाला जन्मले आणि वरच्या अंगाला नांदायला आले. आमच्याकडे विहिरींना पाणी होतं, पण खारं. त्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे. गोडं पाणी लांबून यायचं. पेल्यात उरलेला घोट मोरीत ओतायचा नाही, कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायचा, असा माझ्या वडिलांचा नियम होता. पुढे अकोल्याला काकांकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकले, कॉलेज केलं, पण पेला हातात आला की माझी नजर अजूनही आधी जवळचं झाड शोधते.

अशी मुलगी या घरात आली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिने पाहिलं, की काठोकाठ भरलेली गोड्या पाण्याची विहीर शेजारी असताना झाडं तहानलेली ठेवली आहेत. मातीला भेगा. पानं कडेने वळलेली, दुपारी तर माना टाकलेली. याला ताण देणं म्हणतात. महिना-दीड महिना झाडाचं पाणी तोडायचं. झाड वाढ थांबवतं, पानं गाळतं, सगळा जीव आत ओढून घेतं. मग बेताने पाणी सुरू केलं, की ते एकदम फुलतं. त्याच फुलांची संत्री पुढच्या दिवाळीच्या सुमारास हाती येतात. या बहाराला आंबिया बहार म्हणतात, कारण आंब्याला मोहोर येतो त्याच दिवसांत तो येतो. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की दाराजवळचं झाड मरतंय. मी आठ दिवस रोज सकाळी त्याला दोन बादल्या पाणी घातलं.

माघात सगळा बगीचा पांढरा झाला. माझं झाड हिरवंगार, कोवळ्या पालवीने भरलेलं, आणि त्यावर एक फूल नाही. तुमचे आबाजी, लग्नाला वर्षही न झालेला माझा नवरा, कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभे राहिले.

"मास्तरीनबाई, याले पानी कोनं पाजलं?"

मी तेव्हा नुकतीच शाळेत लागले होते. वर्गात ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात मी म्हटलं, "ते सुकत होतं."

"सुकत नव्हतं, ते फूल करून राहिलं होतं. तहान लागल्याबिगर हे झाड काई देत नाई. तुमच्या इंग्रजी पुस्तकात नाई का हे?"

त्या झाडाचं नाव पुढे कायमचं 'बाईचं झाड' पडलं. बगीचा बघायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी तेच पाहायला मागायचा. मी मात्र पुन्हा कधी ती चूक केली नाही, आणि चाळीस वर्षांत आबाजींनी एकाही झाडाला ताणात थेंबभर पाणी मिळू दिलं नाही.

हे सांगितल्याशिवाय चाळीस वर्षांनंतरचा तो हिवाळा तुम्हाला समजला नसता.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आबाजींना लकव्याचा झटका आला. तुम्ही लहान होता, तुम्हाला एवढंच आठवत असेल की व्हिडिओवर आबाजी हळू बोलायला लागले. उजवा पाय आणि उजवा हात गेला होता. अमरावतीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा हिवाळा महत्त्वाचा आहे. चालले तर चालतील, बसले तर बसलेच. आणि स्वभावात, समजुतीत काही फरक दिसला तर लगेच कळवा.

घरी आल्यावर आबाजी खिडकीशी बसले. खिडकीतून बगीचा दिसत नाही, नुसती विहीर दिसते.

त्यांना उठवलं प्रज्ञाने. प्रज्ञा माझी जुनी विद्यार्थिनी, सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी करते. पहिल्याच दिवशी ती वॉकर त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "उठा काकाजी. बाईंनी मले शाळेत बाकावर उभं केलं होतं, आता मी त्यायच्या मालकाले उभं करते. हिशेब बरोबर."

आबाजींना हसू आलं ते अर्ध्याच तोंडाने, पण आलं.

घरातल्या घरात ते चालेनात. या खोलीतून त्या खोलीत जाऊन करायचं काय, असं म्हणायचे. मग एका सकाळी देवराव आले. देवराव आपला बगीचा तीस वर्षं बघतात. शेजारीच त्यांचा स्वतःचा भाजीचा आणि झेंडूचा मळा आहे. ते दारातूनच म्हणाले, "भाऊ, आजपासून पानी तोडलं. बगीचा ताणावर टाकला."

आबाजींनी खिडकीबाहेर विहिरीकडे पाहिलं. मग एकेक शब्द जोडत म्हणाले, "बहार येईन तवा... मी बंधाऱ्यापर्यंत... पायी जाईन."

नदीकाठच्या रांगेतलं तेविसावं झाड बंधाऱ्याला लागून होतं. फुलं येऊन गळायला जेमतेम अडीच महिने होते. त्या दिवशी त्यांना मागच्या दारापर्यंत जायला बारा मिनिटं लागली होती.

तो हिवाळा मला झाडांच्या आकड्यांनी आठवतो. पहिलं झाड, मग चार दिवस तेच पहिलं. दुसरं. पाचव्याला वॉकर वाटेत अडकायला लागला, तर त्यांनी तो टाकून माझा खांदा धरला. त्यांचा तो हात इतका जड होता, की घरी येऊन मी खांदा शेकायची. वाटेवर आम्ही फार बोलत नसू. बांधावर दवाने भिजलेलं गवत, पाण्यावरून सुळकन जाणारा खंड्या, त्याचा निळा रंग नजरेत येईपर्यंत तो गेलेला असायचा. वाळलेली संत्र्याची पानं पायाखाली पापडासारखी मोडायची. थंडीत नदीला एक वास असतो, ओल्या गोट्यांचा. मला तो माझ्या माहेरच्या रिकाम्या माठासारखा वाटायचा. कधी कधी वाटायचं, आम्ही चालतच नाही आहोत, झाडंच एकेक करून आमच्याजवळ येत आहेत.

डिसेंबरच्या अखेरीला आम्ही अकराव्या झाडापाशी आलो, आणि तिथेच थांबलो.

अकराव्याखाली एक सपाट दगड होता आणि फवारणीसाठी पाणी भरून ठेवलेला निळा ड्रम, खाली तोटी असलेला. आबाजी दगडावर बसायचे. "तू जा पुढं," म्हणायचे. "बंधाऱ्यावर जाऊन ये. मी बसतो." मी जायची. बंधाऱ्यावर बसून पदरात आणलेल्या तुरीच्या शेंगा सोलायची, म्हणजे दुपारच्या सोलेभाताची तयारी व्हायची. पंधरा-वीस मिनिटांनी परत आले, की ते शांत बसलेले असत. "बाराव्यापर्यंत जायचं का?" "उद्या." पुढच्या दिवशीही उद्याच. प्रज्ञा चिडली. "काकाजी, अकराव्याले काय सासुरवाडी हाये का तुमची?" ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दगडावर.

असे बारा-तेरा दिवस गेले. मला रोज वाटायचं, इथेच संपलं. डॉक्टर म्हणाले ते बसणं हेच.

मग एका सकाळी आम्ही निघण्याआधीच देवराव मागच्या दारी येऊन उभे राहिले. चेहरा गंभीर, पण डोळ्यांत काहीतरी होतं.

"बाई, राग नका मानू. पन जुनी सवय गेली नाई वाटते तुमची."

"कसली सवय?"

"अकराव्याचं आळं वलं हाये. चांगलं बोटभर खोल वलं. आन् ड्रम मी तीनदा भरला, तीनदा रिकामा."

आळं म्हणजे खोडाभोवतीचा गोल खळगा. मी म्हटलं, "देवराव, मी चाळीस वर्षांपूर्वी एकदा चुकले, ते जन्मभर ऐकवणार का?"

"मंग कोन? पाखरं तर तोटी खोलत नाईत."

आबाजी खुर्चीत बसून चहा बशीत ओतत होते. डाव्या हाताने, हळूहळू. त्यांनी वर पाहिलं नाही. दुपारपर्यंत गावभर झालं, की बाईने पुन्हा झाडाला पाणी पाजलं. दूधवाल्याने विचारलं, प्रज्ञाने फोनवर विचारलं. माझ्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. मला कळलं होतं कोण ते. तिथे रोज वीस मिनिटं एकटं बसणारं माणूस एकच होतं. आणि मला भीती वाटली. ज्या माणसाने चाळीस वर्षं ताण मोडला नाही, तो ताण काय हेच विसरला का? डॉक्टरांना कळवायचं ते हेच का? मी फोनजवळ जाऊन दोनदा परत आले.

दोन दिवस त्यांनी तो आळ माझ्यावर राहू दिला. तिसऱ्या सकाळी आम्ही अकराव्यापाशी पोचलो, तेव्हा देवराव तोटीला सुतळी बांधत होते. आबाजी दगडावर बसले आणि म्हणाले, "सोड ते, देवराव. मी खोलली."

देवराव उभेच राहिले. "भाऊ, तुमी? काहून?"

आबाजींनी खोडावर हात ठेवला. अकराव्याचं खोड एका बाजूने काळं पडलं होतं, सालीतून डिंक आला होता, शेंडे वाळले होते. शब्द त्यांना तेव्हा नीट येत नसत. पण हे सगळं ते एका दमात बोलले, बहुधा रोज तिथे बसून ते जुळवत असावेत.

"बाकी बावीस सोसतात. सोसू दे, बहार येईन. हे बुढं झालं, बिमार हाये. याच्यापाशी फूल मागून राहिलो आपन? याले नुस्तं जगू दे. याचं फूल मले नको."

"आन् बहार गेला याचा?"

"गेला. मले मालूम हाये."

ते विसरलेले नव्हते. त्यांना सगळं ठाऊक होतं, ताण काय, पालवी काय, बहार काय. मी नदीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला त्या दोघांसमोर रडायचं नव्हतं. मग मी म्हटलं, "आणि दोन दिवस मला चोर ठरवलंत ते?"

"तुले सवय हाये ना," आबाजी म्हणाले. दिवाळीनंतर ते पहिल्यांदा माझी मस्करी करत होते. देवराव इतके हसले, की पाण्यावरचे बगळे उडाले.

त्याच दिवशी ते बाराव्यापर्यंत गेले. का, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, बोलून टाकल्यावर त्यांना तिथे थांबायचं कारण उरलं नाही.

संक्रांतीनंतर देवरावांनी ताण तोडला. आधी हलकं पाणी, मग आठवड्याने भरपूर. बगीचा काही दिवस तसाच राहिला, काही न घडल्यासारखा. मग काळपट फांद्यांवर बारीक दाणे दिसायला लागले, आणि एका सकाळी मागचं दार उघडलं तर वास दारातच उभा होता. तुम्ही तो वास कधी घेतलेला नाही. लिंबाची साल आणि मध आणि थंडी, तिन्ही एकत्र, पण तेही नाही. तो नाकाला लागत नाही, कपाळाला लागतो. त्या दिवसांत गावात सगळे जरा हळू बोलतात असं मला वाटतं, पण ते माझ्या कानांचंही असेल.

त्या वासातून आम्ही चाललो. पंधरावं, सतरावं, विसावं. प्रत्येक झाड नखशिखांत पांढरं आणि आतून गुणगुणणारं. खालून चालताना पाकळ्या त्यांच्या टोपीवर पडायच्या आणि ते झटकायचे नाहीत. माघ पौर्णिमेच्या जरा आधी, फुलं गळायला लागली होती तेव्हा, आबाजींनी तेविसाव्या झाडाला हात लावला आणि बंधाऱ्यावर बसले. खाली पाण्यात पाकळ्या वाहत होत्या, माझ्या माहेराच्या दिशेने. ते पाण्याकडे बघत म्हणाले, "अकोल्याले पोचतात का गं?" मी म्हटलं, "नाही पोचत, मध्येच बुडतात." ते म्हणाले, "पोचत असतीन." आम्ही तिथे किती वेळ बसलो ते मी त्या एकाच दिवशी मोजलं नाही.

परत येताना ते अकराव्यापाशी थांबले. पांढऱ्या रांगेत ते एकटं हिरवं उभं होतं, कोवळ्या पानांचं. अगदी माझ्या त्या पहिल्या झाडासारखं. मी मुद्दाम त्यांच्यासारखाच कमरेवर हात ठेवून म्हटलं, "याला पाणी कोणी पाजलं?"

ते दगडावर बसले, खोडाला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"इथंच बसतो. इथं मधमाशा नाईत."

त्यानंतर आबाजींना आणखी दोन हिवाळे मिळाले. दोन्ही हिवाळ्यांत ते काठी घेऊन बंधाऱ्यापर्यंत जायचे, आणि अकराव्याची तोटी स्वतः खोलायचे, लपून नाही. मग एका पावसाळ्यात ते गेले. त्या पावसाळ्यानंतर विहीरही पूर्वीसारखी भरेना. रांगेतली झाडं म्हातारीच होती, दर उन्हाळ्यात एक-दोन वाळत गेली. देवरावांनी ती काढून नवी कलमं लावली. बाईचं झाडही गेलं.

रेवा, तुझा मळेवाला खरं सांगत होता. मुळं खोल जातात, गोडी येते. आबाजींनी आयुष्यभर तेच केलं, मी त्याच संत्र्यांचा मुरंबा तुम्हाला पाठवते. आणि तू "बिचाऱ्या" म्हणालीस, तेही मी खोडणार नाही. वही तपासायची सवय असली तरी नाही. पुन्हा त्या वाटेने गेलीस तर त्याला विचार, तुझी सगळ्यांत म्हातारी वेल कुठली, आणि तिचं तू काय करतोस.

दर वर्षी पाणी तोडायच्या दिवशी देवराव मागच्या दारी येऊन विचारतात, "बाई, अकराव्याचं काय करू?" मी सांगते, ते माझ्याकडे राहू द्या. आज सकाळी मी तोटी खोलली, दहा मिनिटं दगडावर बसले, बंद केली आणि बंधाऱ्यापर्यंत जाऊन आले.

जुन्या तेवीस झाडांपैकी सहा उरली आहेत. अकरावं त्यांत आहे. त्याला फुलं थोडी येतात, कधीही येतात, आणि मागच्या वर्षी त्याने चार संत्री दिली. वाट अजून सपाट आहे. दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतात.

तुमची,
आजी